घरात गन ठेवली तर नक्की कोणापासून वाचतो आपण?

टेक्सासमधल्या एका दादांचा प्रश्न आहे. त्यांच्या सबडिव्हिजनमध्ये, म्हणजे वसाहतीत, दोन-तीन देशी घरं फुटली, दागिने गेले, चोरांना बरोबर माहीत असतं की आपल्या लोकांच्या घरात सोनं असतं. यांचं मागच्या वर्षी ग्रीन कार्ड आलंय, आता कायद्याने हँडगन घेता येते, ऑफिसमधला मित्र शनिवारी नेमबाजीच्या रेंजवर घेऊन जातो, दुकानसुद्धा दाखवून ठेवलंय त्याने. बायको ठाम नको म्हणते. घरात सोळा वर्षांचा मुलगा. तर त्यांनी दोन गोष्टी विचारल्यात: अमेरिकेत घरात गोळी लागून जे मरतात त्यांना मारणारा बहुतेक वेळा कोण असतो, चोर की घरचंच कोणी, आणि दुसरं म्हणजे बायकोला कसं समजवायचं.

मी मूळची साताऱ्याची, पुण्यात एमएसडब्ल्यू केलं आणि लग्न होऊन न्यू जर्सीत आले. वीसेक वर्षं मारहाण होणाऱ्या बायकांसोबत काम करतेय, आधी शेल्टरमध्ये, म्हणजे घर सोडून आलेल्या बायकांच्या आसऱ्याच्या जागी, मग हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत सोशल वर्कर म्हणून. गेली काही वर्षं मी अशा एका टीमवर बसते जी घरगुती खुनाची केस कोर्टात संपली की तिची फाईल पुन्हा उघडते आणि मागे मागे जाऊन बघते की ही बाई किंवा हा माणूस मरायच्या आधी कुठे कुठे कुणाच्या समोर आला होता, पोलीस, डॉक्टर, शाळा, देऊळ, आणि कुणी काय विचारलं नाही. अशा टीम अमेरिकेत बऱ्याच राज्यांत असतात. त्यामुळे माझं उत्तर थोडं लांब होणार आहे, पण तुम्ही मनापासून विचारलंय आणि मुलगा घरात आहे, म्हणून नीट सांगते.

पहिल्या प्रश्नाचं सरळ उत्तर: घरचं किंवा ओळखीचं. अनोळखी चोर रात्री खिडकी फोडून आत आला आणि गोळी घालून गेला असं होतं, नाही असं नाही, पण माझ्या टेबलावर आलेल्या फायलींत दार बहुतेक वेळा आतूनच उघडलेलं असतं, नाहीतर मारणाऱ्याकडे त्या घराची किल्लीच असते.

हे नुसतं माझ्या अनुभवाचं नाही. १९९३ मध्ये आर्थर केलरमन नावाच्या इमर्जन्सीच्या डॉक्टरने आणि त्यांच्या टीमने एक अभ्यास छापला होता, या विषयावर आजही कुणी बोलायला लागलं की गाडी तिथूनच सुरू होते. त्यांनी तीन काउंट्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारखे भाग, घेतल्या, सिएटलची किंग काउंटी, मेम्फिसची शेल्बी आणि क्लीव्हलंडची कायाहोगा. त्या काळात तिथे एकूण १,८६० खून झाले, त्यातले ४४४ मेलेल्या माणसाच्या स्वतःच्या घरात. म्हणजे जवळपास चौथा हिस्सा. आणि या घरातल्या खुनांत मारणारा कोण होता तर सुमारे ७७ टक्के वेळा नवरा, बायको, भाऊ, मुलगा, प्रियकर, रूममेट, मित्र, ओळखीचं कोणीतरी. नक्की अनोळखी होता असं सिद्ध झालेले ४ टक्केसुद्धा नाहीत. १७ टक्क्यांच्या आसपास केसेसमध्ये मारणारा सापडलाच नाही, त्यात काही अनोळखी असणारच, ते धरूनही चित्र फार बदलत नाही कारण ८४ टक्के घरांत दार-खिडकी फोडून घुसल्याची खूणच नव्हती.

मग त्यांनी पुढचं काम केलं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. प्रत्येक मेलेल्या माणसामागे त्याच भागातलं, त्याच वयाचं, त्याच वंशाचं, तसंच बाई किंवा पुरुष असलेलं एक जिवंत माणूस शोधलं आणि दोन्ही घरांबद्दल तेच प्रश्न विचारले. दारू, ड्रग्ज, घरात कधी मारामारी झाली का, कुणाला अटक झाली होती का, घर भाड्याचं का, गन आहे का. खून झालेल्या घरांपैकी ४५ टक्क्यांत गन होती, शेजारच्या घरांत ३६ टक्क्यांत. बाकीच्या गोष्टींचा हिशोब वजा केल्यावर गन असलेल्या घरात खुनाचा धोका २.७ पट निघाला. आणि हा वाढलेला धोका जवळपास सगळाच्या सगळा घरच्याच किंवा जवळच्याच माणसाच्या हातून होणाऱ्या खुनाचा होता. बाहेरच्यापासून गनने वाचवलं असं काही त्या आकड्यांत दिसलं नाही. हो, आणि घरात आधी मारहाण झालेली असणं, हा धोका ४.४ पट होता, म्हणजे गनपेक्षाही मोठा. हे गन-विरोधी लोक सांगायला विसरतात म्हणून मुद्दाम सांगतेय.

तुमचा रेंजवाला मित्र म्हणेल की तो अभ्यास मोडीत निघालाय. मोडीत नाही निघाला, पण त्याच्यावरचे आक्षेप खरे आहेत आणि ते तुम्हाला माहीत पाहिजेत. एक म्हणजे ज्या घरात आधीच भीती आहे तिथेच लोक गन आणत असतील, मग गनमुळे खून झाला की खुनाच्या भीतीने गन आली हे कसं ठरवायचं. दुसरं, मारलेली गोळी त्याच घरातल्या गनमधून सुटली होती असं तो अभ्यास म्हणत नाही, फक्त घरात गन होती एवढंच म्हणतो. तिसरं, जिवंत शेजारी गन असून नाही म्हणाले असतील. यावर पुढे अजून अभ्यास व्हायला हवे होते ना, पण झालं उलटंच, १९९६ मध्ये अमेरिकेच्या संसदेने, काँग्रेसने, डिकी दुरुस्ती आणली, ज्या सरकारी संस्थेने हा पैसा दिला होता तिच्या बजेटमधून बरोबर २६ लाख डॉलर्स कापले, आणि पुढची वीसेक वर्षं सरकारी पैशातून या विषयाला हात लावायला लोक घाबरत होते. ज्या खासदाराच्या, जे डिकी यांच्या, नावाने ती दुरुस्ती आहे त्यांनीच नंतर २०१२ मध्ये जाहीर लिहिलं की संशोधन व्हायला पाहिजे. मधल्या वर्षांत किती फायली तयार झाल्या असतील याचा विचार करून मला आजही त्रास होतो.

त्या पहिल्या आक्षेपाला बरंचसं उत्तर २०२२ मध्ये मिळालं. कॅलिफोर्नियात हँडगनच्या विक्रीची नोंद सरकारकडे असते, ती आणि मतदार यादी आणि मृत्यूच्या नोंदी जोडून स्टॅनफर्डच्या डेव्हिड स्टडर्ट यांच्या टीमने पावणेदोन कोटी लोकांना २००४ ते २०१६ असं बारा वर्षं मागे लागून बघितलं. हे सगळे स्वतः गन नसलेले लोक. त्यातल्या जवळपास सहा लाख लोकांच्या घरात दुसऱ्या कुणीतरी हँडगन घेतली. म्हणजे बघा, ज्याने गन घेतली तो नाही, त्याच्यासोबत राहणारं माणूस. तुमच्या घरात ती म्हणजे तुमची बायको. या लोकांत नवऱ्याच्या किंवा जोडीदाराच्या हातून घरात गोळीने मरण्याचं प्रमाण सातपट निघालं. असे मेलेल्यांत ८४ टक्के बायका. आणि अनोळखी माणसाच्या हातून घरात मरण्याचं प्रमाण? ते काही कमी झालेलं दिसलं नाही. ज्या कारणासाठी गन आणली ते कारण जागच्या जागीच.

आता कुणी म्हणेल, ज्याला मारायचंच आहे तो सुरीने मारेल, सिलेंडर उडवेल, गळा दाबेल. माझ्या सासऱ्यांचंही हेच म्हणणं असायचं. हे वाटतं तितकं खरं नाही आणि ते मला फायलींनीच शिकवलं. घरातला खून फार कमी वेळा ठरवून केलेला असतो. रोजचंच भांडण, त्याच विषयावरचं, शंभराव्यांदा झालेलं, फक्त यावेळी हाताला काय लागलं हा फरक. आपल्याकडे लाटणं फेकून मारतात, सांडशी मारतात, टाके पडतात, बाई जगते. शिकागोत १९६० च्या दशकात फ्रँकलिन झिमरिंग यांनी पोलिसांच्या नोंदींवरून दाखवलं होतं की सुरीने आणि गनने हल्ला करणारी माणसं, त्यांची भांडणं, त्यांचे हेतू बरेचसे सारखेच होते, पण गनचा हल्ला साधारण पाचपट जास्त वेळा जीव घेत होता. अटलांटामध्ये १९८४ सालच्या घरगुती आणि जोडीदारांमधल्या हल्ल्यांचा हिशोब नंतर छापून आला, त्यात गन असलेला हल्ला बाकीच्या सगळ्यांपेक्षा बारापट जास्त वेळा मृत्यूत संपलेला. भांडण गन सुरू करत नाही. पण सुरीला हात लांब करावा लागतो, जवळ जावं लागतं, मधे मुलगा येतो, शेजारीण दार वाजवते, राग उतरायला तेवढे चार सेकंद मिळतात. ट्रिगरला ते चार सेकंद लागत नाहीत हो.

नात्यांबद्दल थोडं सविस्तर बोलू का, कारण तुमचा प्रश्न खरं तर तोच आहे.

अमेरिकेच्या न्याय खात्याचे २०२१ चे आकडे आहेत, त्या वर्षी सुमारे ४,९७० बायकांचा खून झाला आणि त्यातल्या ३४ टक्के नवऱ्याने किंवा जोडीदाराने मारलेल्या. पुरुष मारले गेले जवळपास १८ हजार, त्यात जोडीदाराच्या हातून ६ टक्के. म्हणजे पुरुष घराबाहेर मरतो, बाई घरात मरते, अगदी ढोबळ सांगायचं तर. पण पुरुषांची एक गोष्ट मला नेहमी सांगावीशी वाटते कारण ती फार कमी लोकांना माहीत असते. १९७६ मध्ये बायकोच्या किंवा मैत्रिणीच्या हातून अमेरिकेत १,३५७ पुरुष मेले होते. २००० मध्ये ४४०. त्याच काळात बायकांचा आकडा १,६०० वरून १,२४७ वर आला, कमी झाला पण फार नाही. मधल्या वर्षांत काय झालं? शेल्टर उघडली, हेल्पलाइन आल्या, कोर्टातून नवऱ्याला घराबाहेर ठेवायचा ऑर्डर मिळायला लागला, घटस्फोट सोपा झाला. वर्षानुवर्षं मार खाणाऱ्या बाईला दुसरा काही रस्ता नसायचा, ती एक दिवस गन उचलायची, तिला पळून जायला जागा मिळाली तर नवरा जिवंत राहिला. अनेक अभ्यासक हेच कारण मानतात आणि मी शेल्टरमध्ये काम केलंय, मला ते पटतं. बायकांसाठी उभं केलेलं काम, त्याने जीव जास्त वाचले पुरुषांचे.

आणि बाई मरते कधी? ती राहत असतानाही मरते, पण धोका सगळ्यात जास्त ती निघते तेव्हा. हे वाक्य मी प्रत्येक ट्रेनिंगमध्ये सांगते. जॅकलिन कॅम्पबेल या नर्स, जॉन्स हॉपकिन्सच्या, त्यांनी ११ शहरांत मारल्या गेलेल्या बायकांच्या घरच्यांना भेटून आणि तसाच छळ सोसून जिवंत राहिलेल्या बायकांना भेटून २००३ मध्ये जे छापलं ते आमच्या कामाचा पाया आहे. छळ करणाऱ्याच्या हाताशी गन असेल तर बाईच्या खुनाचा धोका पाचपट. सोडून गेल्यावर धोका वाढतो, आणि प्रत्येक गोष्टीवर ताबा ठेवणारा नवरा असेल आणि ती निघाली तर नऊपट. गळा दाबणं, पुढच्या एका अभ्यासात, ज्या बाईचा आधी एकदा तरी गळा दाबलाय तिच्या खुनाची शक्यता सातपट निघाली. म्हणून इमर्जन्सीत मी कधीच 'मारलं का' एवढ्यावर थांबत नाही, 'गळ्याला हात लावला का कधी, श्वास अडकला का, आवाज बसला का' हे वेगळं विचारते, कारण बायका त्याला मारहाणीत धरतच नाहीत, 'नाही नाही, मारलं नाही, फक्त गळा धरला' असं म्हणतात. हे मी मराठीत ऐकलंय, तेलुगू बोलणाऱ्या बाईकडून दुभाष्यामार्फत ऐकलंय, इंग्लिशमध्ये तर कितीदा.

कॅम्पबेल बाईंनी एक साधन बनवलंय, वीस प्रश्नांचं. पण प्रश्नांच्या आधी एक कॅलेंडर असतं. बाईच्या हातात मागच्या वर्षाचं कॅलेंडर द्यायचं आणि ज्या ज्या दिवशी काही झालं तिथे खूण करायला सांगायचं, आणि किती वाईट होतं त्याचा एक ते पाच आकडा टाकायचा. आपल्या बायकांना हे फार पटकन जमतं, कालनिर्णयवर दुधाचा, गॅसचा हिशोब लिहायची सवय असते ना. आषाढीला, मुलाच्या वाढदिवसाला, सासू आली त्या आठवड्यात, असं आठवत आठवत खुणा पडत जातात आणि सहा महिन्यांवर आलं की ती स्वतःच थांबते. आधी महिन्यातून एक खूण, मग आठवड्याला, मग आकडा तीनचा चार. तोपर्यंत ती 'तसं काही फार नाही' म्हणत असते. मारल्या गेलेल्या किंवा मरता मरता वाचलेल्या बायकांपैकी जवळपास निम्म्यांना आपला जीव जाऊ शकतो याचा अंदाजच नव्हता, हेही त्याच अभ्यासातलं.

बायको-नवऱ्याशिवायची नातीसुद्धा असतात. म्हातारा नवरा, आजारी बायको, तो तिला मारतो आणि मग स्वतःला, या फायलींवर चर्चा करताना खोलीत कुणी बोलत नाही. डोक्याचा आजार झालेला तरुण मुलगा आणि आई. दारू आणि दोन भाऊ.

भावांवरून महाराष्ट्रातल्या माणसाला काय आठवतं ते सांगायला नको. २२ एप्रिल २००६, सकाळी, वरळीचं राहतं घर, प्रमोद महाजनांवर धाकट्या भावाने, प्रवीण महाजनांनी, गोळ्या झाडल्या, ३ मे रोजी ते गेले. पिस्तूल परवान्याचं होतं. दार कुणी फोडलं नव्हतं, भाऊच आला होता घरी. नंतर तो स्वतःच वरळी पोलीस स्टेशनला हजर झाला. मी तेव्हा नुकतीच या कामात होते, भारतातून फोनवर फोन येत होते, राजकारण असेल, कट असेल, असं सगळे म्हणत होते, आणि आमच्या ऑफिसातली माझी सीनियर बाई, आयरिश, तिला महाजन कोण हेही माहीत नव्हतं, तिने फक्त विचारलं, मारणारा कोण, नात्यातला का, बोलणं किती दिवसांपासून बिघडलं होतं. आम्ही याच क्रमाने विचारतो. घरातला खून समजून घ्यायचा तर आधी नातं बघायचं.

आता तुमच्या मुलाकडे येते. सोळा वर्षं. तुम्ही प्रश्नात त्याचा उल्लेख एकाच ओळीत केलाय, माझ्यासाठी ती सगळ्यात मोठी ओळ आहे. अमेरिकेत २०२१ मध्ये गोळीने ४८,८३० माणसं मेली, त्यातली २६ हजारांहून जास्त स्वतःच्या हाताने. खून २१ हजारांच्या आसपास. केलरमननीच १९८६ मध्ये आधी एक छोटा अभ्यास केला होता, सिएटलच्या भागात गन असलेल्या घरात गोळीने झालेले ३९८ मृत्यू मोजले. घुसायचा प्रयत्न करणाऱ्या माणसाला मारल्याचे त्यात किती? दोन. स्वसंरक्षणाचे सगळे मिळून नऊ. बाकी बहुतेक आत्महत्या. आपल्या मुलांना इथे शाळेचं प्रेशर असतं, कॉलेज प्रवेशाची एसएटी परीक्षा असते, ब्रेकअप असतं, घरी कुणाशी बोलता येत नाही असं असतं, आणि त्या वयात वाईट वाटणं फार खोल असतं पण फार वेळ टिकत नाही. औषधाच्या गोळ्या खाल्ल्या तर हॉस्पिटलात आणून वाचवता येतं, बहुतेक वेळा वाचतात मुलं, मी त्यांच्या आई-बापांशेजारी बसलेय. गनने प्रयत्न केला तर दहातले साधारण नऊ जातात. त्यांच्या आई-बापांशेजारीही बसलेय. 'त्याला माहीत नव्हतं कपाटात कुठे आहे' असं प्रत्येक बाप म्हणतो. मुलांना माहीत असतं. तुम्ही दिवाळीचा चिवडा कुठे लपवता तेसुद्धा त्यांना माहीत असतं.

कायद्याचं थोडक्यात. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असताना साधारणपणे गन घेता येत नाही, शिकारीचं लायसन्स वगैरे काही अपवाद आहेत, ग्रीन कार्डवर येते, एवढं तुम्हाला माहीतच आहे. पण नात्याशी जोडलेला कायदा फार लोकांना माहीत नसतो. १९९४ पासून, कोर्टाने सुनावणी घेऊन जोडीदाराच्या संरक्षणाचा ऑर्डर काढला असेल तर ज्याच्यावर ऑर्डर आहे त्याला गन बाळगता येत नाही. १९९६ मध्ये लॉटनबर्ग दुरुस्ती आली, घरगुती मारहाणीचा छोटा गुन्हा जरी सिद्ध झाला तरी गन बंद. त्यात लग्न न झालेला, वेगळा राहणारा बॉयफ्रेंड सुटायचा, ती फट २०२२ च्या कायद्याने बरीचशी बुजवली. आणि हा ऑर्डरवाला कायदाच घटनेच्या विरोधात आहे म्हणून तुमच्याच टेक्सासमधून केस सुप्रीम कोर्टात गेली होती, झॅकी रहीमीची, जून २०२४ मध्ये आठ विरुद्ध एक असा निकाल लागला, कायदा टिकला. त्या दिवशी आमच्या ऑफिसात बायका रडल्या, खरंच. पण कागदावर बंदी असणं आणि त्याच्या घरातून गन प्रत्यक्षात बाहेर जाणं यात फार अंतर आहे, कितीतरी ठिकाणी 'जमा केली का' हे बघायलाच कुणी जात नाही. न्यू जर्सीत घरच्यांना किंवा पोलिसांना कोर्टात जाऊन धोक्यातल्या माणसाकडून गन तात्पुरती काढून घ्यायचा अर्ज करता येतो, टेक्सासमध्ये तशी सोय नाही. म्हणजे तुमच्या घरात उद्या कुणाची मनःस्थिती बिघडली तर गन बाहेर काढायचं काम तुमच्याच माणसांना करावं लागणार, आणि ते वेळेवर करणं किती कठीण जातं ते मी बघितलंय.

मग चोरांचं काय? भीती खरी आहे तुमची, मी ती हलकी करत नाही, आमच्याकडेही देशी घरं फुटलीयत. पण ते चोर बहुतेक घरात कुणी नसताना येतात, दिवाळीच्या पार्टीला तुम्ही गेलेले असताना, भारतात सुट्टीला गेलेले असताना, मग ड्रॉवरमधली गन काय करणार, ती दागिन्यांसोबत चोरालाच मिळणार. सोनं बँकेच्या लॉकरमध्ये टाका. अलार्म, कॅमेरा, मागच्या सरकत्या दाराला आडवा दांडा, भारतात जाताना शेजाऱ्याला सांगणं, फोटो परत आल्यावर टाकणं. यात कुणाचा जीव जात नाही.

तरीही घ्यायचीच असं ठरलं, तर माझं ऐका: गन रिकामी, लॉक केलेली, काडतुसं वेगळ्या जागी आणि तीही लॉक, किल्ली किंवा आकडा मुलाच्या वाढदिवसाचा नको. घरात कुणाची नोकरी गेली, कुणी खूप दारू प्यायला लागलं, कुणी गप्प गप्प झालं, तुमच्या दोघांत वेगळं व्हायची भाषा सुरू झाली, तर त्याच दिवशी ती घराबाहेर गेली पाहिजे. टेक्सासच्या नियमात बसत असेल तसं मित्राकडे, नाहीतर काही दुकानं आणि पोलीस स्टेशनं ठेवून घेतात, आधीच चौकशी करून ठेवा.

हे वाचणाऱ्यांत कुणी ताई असेल जिच्या घरात गन आहे आणि भीतीही आहे, तर तुझ्यासाठी: नवऱ्याच्या एच व्हिसामुळे मिळालेल्या एच-४ वर आहेस म्हणून तुला हक्क नाहीत असं तो म्हणत असेल तर ते खोटं आहे, मारहाणीच्या गुन्ह्यात पोलिसांना मदत करणाऱ्या बाईसाठी यू व्हिसा आहे, एच व्हिसावाल्याच्या छळ झालेल्या बायकोला स्वतःचं वर्क परमिट मागता येतं, वेळ लागतो पण रस्ता आहे. नॅशनल हॉटलाइन १-८००-७९९-७२३३, दुभाष्या मिळतो, मराठी हवं म्हणून सांग. आपल्याकडच्या बायकांना मदत करणाऱ्या संस्थाही आहेत: न्यू जर्सीत मानवी, १९८५ पासून, ह्यूस्टनला दया, डॅलसकडे चेतना. निघायची तारीख त्याला सांगू नकोस, त्याच्या आईला नाही, देवळातल्या काकूंनाही नाही. गन घरात कुठे असते ते मात्र हॉटलाइनवाल्या बाईला पहिल्या पाच मिनिटांतच सांग.

आणि दादा, दुसरा प्रश्न राहिला, बायकोला कसं समजवायचं. मुलगा झोपल्यावर, फोन बाजूला ठेवून, तिला विचारा की तुला नक्की कशाची भीती वाटते, आणि ती बोलत असताना मधे काही बोलू नका. ती मुलाचं नाव घेईल कदाचित. कदाचित तुमच्या रागाचं घेईल, कधीतरी एकदा आपटलेल्या दाराचं, तुम्ही विसरून गेलेल्या एखाद्या रात्रीचं. तिला ते बोलायला दोन-तीन दिवसही लागतील. तेवढे दिवस दुकानात जाऊ नका.